कुमक

पटपडगंजच्या एका सहकारी वसाहतीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, एक महाविद्यालयीन विद्यार्थी रात्री जेवण आटोपल्यावर संगणकासमोर युरोपचा नकाशा मांडून बसतो. खेळ नेपोलियनच्या काळातील साम्राज्ययुद्धाचा आहे. नकाशावर नद्या, घाट, राजधान्या आणि रंगारंगांच्या सीमा दिसतात. ज्या प्रांतावर बाण न्यावा तेथील खजिना, धान्य आणि फौज यांचे आकडे समोर उभे राहतात. प्रत्येक तुकडीचे एक लहानसे चित्र असते आणि चित्राखाली संख्या. एकशे साठ म्हणजे तुकडी पूर्ण भरलेली; अठ्ठावन्न म्हणजे लढाईतून कशीबशी बाहेर पडलेली. अठ्ठावन्नच्या तुकडीवर एक खूण दाबली की खजिन्यातून थोडी रक्कम वजा होते, दोन-तीन डाव उलटतात, आणि चित्राखाली पुन्हा एकशे साठ उमटतात.

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून काही महिन्यांसाठी आलेली त्याची आजी एकदा हे पाहत मागे बसली होती. तिचे पती बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. फौजेचा हिशेब तिला घरातूनच ठाऊक होता. तिने विचारले, "अरे, आत्ता तर एवढीशीच उरली होती. ही बाकीची कुठून आली?"

"रिइन्फोर्समेंट, आजी."

"म्हणजे कुमक म्हण की. पण कुठल्या गावची?"

"गाव नसतं त्यांना. मनुष्यबळ असतं. पैसे दिले की भरतं."

"आणि जी गेली, त्यांच्या घरी कळवतं कोण?"

नातू हसला आणि व्हिएन्नाच्या दिशेने फौज हलवू लागला. प्रश्न मात्र खोलीतच राहिला. तो भोळेपणाचा वाटला, तरी युद्धाच्या खेळांच्या रचनेतील आणि युद्धाच्या इतिहासलेखनातीलही एका जुन्या सोयीवर त्याने नेमके बोट ठेवले होते.

खेळांच्या परंपरेकडे पाहिले तर कुमक ही कल्पना तीत बरीच उशिरा आली असे दिसते. बुद्धिबळात कुमक नाही. दोन्ही पक्षांचे सोळा मोहरे पटावर पहिल्यापासून मांडलेले असतात. जे पडले ते पडले. फार तर एखादे प्यादे शेवटच्या घरात पोचून वजीर होईल, परंतु बाहेरून कोणी पटावर येणार नाही. बुद्धिबळाचे जग बंद आहे आणि त्याचे सौंदर्यही त्या बंदपणात आहे. प्रेमचंदांनी १९२४ साली लिहिलेल्या 'शतरंज के खिलाड़ी' या कथेतील दोन सरदार १८५६ साली अवध खालसा होत असताना पटावर झुकलेले राहतात. त्या कथेचा उपरोध याच बंदपणावर उभा आहे. पटाबाहेर एक राज्य संपत असते आणि पटावर त्याची बातमी पोचत नाही.

पट प्रथम उघडला तो प्रशियाच्या लष्करी वर्तुळात. राइसवित्झ पितापुत्रांनी सिद्ध केलेला आणि १८२४ साली प्रशियन सेनाधिकाऱ्यांनी स्वीकारलेला 'क्रीग्सश्पील' हा खेळ खऱ्या भूप्रदेशाच्या नकाशावर खेळला जाई. हानी फाशांनी ठरे आणि निर्णय एक पंच देई. नेपोलियनच्या हातून झालेल्या पराभवांचा धडा घेतलेल्या सेनेचा तो खेळ होता. आजचे संगणकीय खेळ त्याच कुळातले आहेत. त्यांनी त्यात खजिना, भरती, झीज आणि रसद यांची भर घातली. पट उघडला खरा. पण बाहेरून जे आत येते त्याला नाव, गाव आणि भाषा राहिली नाही. 'मनुष्यबळ' नावाच्या एका हौदातून ते येते, आणि हौदाची पातळी तेवढी खेळणाऱ्याला दिसते.

या खेळांच्या नकाशाची आणखी एक गंमत आहे. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ सालच्या खेळात मराठे हा एक खेळता येणारा पक्ष होता; अठराव्या शतकाचा आरंभ करून हिंदुस्थान जिंकण्याची मुभा त्यात होती. पुढच्याच वर्षी आलेल्या 'नेपोलियन : टोटल वॉर'मध्ये इटली, इजिप्त आणि युरोप येथील मोहिमा आहेत, हिंदुस्थानच्या मोहिमेला जागा नाही. नेपोलियन आला आणि दिल्ली नकाशावरून गेली. वास्तविक पटपडगंजच्या ज्या परिसरात तो विद्यार्थी खेळत बसतो, त्याच परिसरात ११ सप्टेंबर १८०३ रोजी, नेपोलियन फ्रान्सचा प्रथम कॉन्सल असताना, फ्रेंच अधिकाऱ्याच्या हुकमतीखालील शिंद्यांच्या पलटणी आणि जनरल लेकची इंग्रज फौज यांची गाठ पडली होती. ती दिल्लीची लढाई म्हणून, आणि पटपडगंजची लढाई म्हणूनही ओळखली जाते.

त्या पलटणींची कुमक कोणत्या हौदातून येत होती, हे पाहण्यासारखे आहे. सव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा बन्वा द बॉइन्य, मराठी कागदांतला डिबॉइन, १७८४ साली महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. लालसोट, पाटण, मेडता आणि लाखेरी या लढायांतून त्याने उभारलेले कवाइती पायदळ नावारूपाला आले. दहा पलटणींचा एक कंपू, असे तीन कंपू हळूहळू सिद्ध झाले. इंग्रजी धर्तीवर कवाईत केलेले तेलंगे आणि देशी पद्धतीचे नजीब असे त्यांत दोन वर्ग होते, आणि पलटणीगणिक तोफा होत्या. तोफा ओतण्याचा कारखाना आग्र्याला होता. हे सारे चालले ते एका गोष्टीवर : पगार महिन्याच्या महिन्याला मिळत असे. तत्कालीन फौजांत चढलेला पगार हा बंडाचा नेहमीचा विषय असताना ही गोष्ट लहान नव्हती. त्यासाठी महादजींनी गंगायमुनेच्या दुआबातील परगणे 'जायदाद' म्हणून लावून दिले होते. दुआबातील शेतकऱ्याचा सारा अलीगढच्या कचेरीत येई आणि तेथून शिपायाच्या हातात पडे. जखमी शिपायाला भरपाई आणि जायबंदी झालेल्यास उदरनिर्वाहाची सोय डिबॉइनने लावल्याचे नमूद आहे. खेळातील खूण दाबल्यावर जी रक्कम वजा होते तिचे खरे रूप हे असे होते. तिच्यामागे नांगर होते, पाटबंधारे होते, पटवारी होता.

आणि शिपाई? अवध, रोहिलखंड, दुआब येथील गावांतून ते येत. कंपनी सरकारची बंगालची फौजही बहुतांशी त्याच पट्ट्यातून भरली जात होती. म्हणजे मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या पलटणींत समोरासमोर उभे राहिलेले शिपाई पुष्कळदा एकाच मुलखातले, एकाच बोलीचे असत. त्यांच्या ओठी मराठी नव्हती. मराठी ज्यांच्या दफ्तराची भाषा होती त्या सत्तेसाठी ते लढत होते.

१८०३ च्या पावसाळ्यात हा सारा डोलारा तुकड्यांच्या संख्येवरून पाहिला तर भक्कम होता. तुकड्यांच्या जागांवरून पाहिला तर तसा नव्हता. आदल्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला होता. बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईचा तह केला. इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा दौलतराव शिंदे आपल्या फौजेसह दक्षिणेत होते. त्यांची धनाची पेढी आणि बादशहा उत्तरेत होते, आणि मधे नर्मदा होती, चंबळ होती. नागपूरकर भोसले त्यांच्या सोबत होते. होळकर आपल्या जागी स्वस्थ राहिले. खेळाच्या नकाशावर 'मराठे' हा एक रंग असतो. त्या वर्षीच्या नकाशावर तो किमान तीन रंगांचा होता, आणि एका रंगाची कुमक दुसऱ्याकडे जात नव्हती.

डिबॉइन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या पेराँवर दौलतरावांचा विश्वास उरला नव्हता आणि त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांची योजना झाली होती. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अंमलदारांना बाहेर पडण्याचे आमिष दाखवले होते. त्याला या पलटणींत फ्रान्सचे बीज दिसत होते. अमिएन्सचा तह मोडून मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले होते, आणि नेपोलियनने पाठवलेला सेनापती दकाँ जुलैत पाँडिचेरीला येऊन मॉरिशसकडे वळला होता. दुआबातले परगणे अशा रीतीने युरोपच्या पटाला जोडले गेले. लेक ७ ऑगस्टला कानपुराहून निघाला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. शिंद्यांच्या चाकरीतून बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याने वाट दाखवली होती. पेराँ इंग्रजांच्या मुलखातून जाण्याचा परवाना घेऊन चालता झाला. त्याच्याशीच फटकून वागणारा लुई बुर्कॅ दिल्लीतील पलटणींचा मुखत्यार उरला.

बुर्कॅने १० तारखेच्या रात्री यमुना उतरून पूर्वेस फौज मांडली. जागा वाईट नव्हती. उंचवट्यावर तोफा, दोन्ही बाजूंना दलदल, पुढे खंदक. एकच उणे होते : पाठीशी नदी होती. सकाळपासून सुमारे अठरा मैल चाललेली लेकची माणसे हिंडनजवळ तंबू ठोकत असताना या फौजेची हालचाल दिसली. लेकने घोडदळ पुढे नेले आणि तोफांच्या माऱ्यात ते मागे घेऊ लागला. माघार पाहून शिंद्यांच्या पलटणी आपली भक्कम जागा सोडून खाली उतरल्या. मागे येणारे घोडदळ मधोमध फाटले आणि त्याच्या पाठीमागून इंग्रजांचे पायदळ संगिनी रोखून पुढे आले. लेककडे ४,५०० च्या आसपास माणसे होती. समोर १९,००० होती असा विजेत्यांचा अंदाज आहे. अडुसष्ट तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. मोड झालेले शिपाई नदीकडे धावले आणि त्यांतले कितीतरी यमुनेत बुडाले. १४ तारखेला बुर्कॅ शरण आला. आंधळा शाह आलम आता लेकच्या संरक्षणाखाली गेला.

कुमक निघालेली होती. दौलतरावांनी दक्षिणेतून दुद्रनेक या अंमलदाराबरोबर उत्तरेकडे पाठवलेल्या पलटणी वाटेत होत्या. दिल्ली वाचवण्यास त्या पोचू शकल्या नाहीत. दिल्लीहून निसटलेले काही शिपाई त्यांना जाऊन मिळाले. दुद्रनेकही इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आग्रा पडले. उरलेल्या पलटणींना लेकने १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवर मुलखातील लासवारी येथे गाठले. आता वर हुकूम देणारे युरोपीय अंमलदार जवळजवळ नव्हते. ज्यांचा पगार ज्या परगण्यांतून येई ते परगणे गेले होते. ज्यांच्यासाठी लढायचे ते धनी नर्मदेपार होते. तरीही त्या पलटणी आपापल्या तोफांपाशी उभ्या राहून जवळजवळ संपेपर्यंत लढल्या. खुद्द लेकने आपल्या पत्रात त्यांची थोरवी मान्य केली. या शिपायांना युरोपीय अंमलदार मिळाले असते तर निकाल काय लागला असता याची त्याला धास्ती वाटली होती. सात हजारांच्या आसपास माणसे पडली असावीत असा विजेत्यांचाच अंदाज आहे. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह होऊन दिल्ली, आग्रा आणि दुआब शिंद्यांकडून गेले.

आज 'राष्ट्रीय राजधानी प्रदेश' या शासकीय नावाखाली जो भूभाग येतो त्यात पानिपत आहे, पटपडगंज आहे आणि अलवर जिल्हाही आहे. मराठी मनाला यांपैकी एकच जागा ठाऊक आहे. पानिपत हा मराठीत वाक्प्रचार झाला. त्यावर बखर झाली, विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी झाली. यशवंतराव होळकरांनाही ना. सं. इनामदारांच्या 'झुंज'मध्ये कादंबरी लाभली. पटपडगंज आणि लासवारी यांचा मराठीत वाक्प्रचार झाला नाही. पानिपतावर पडलेल्यांची घरे महाराष्ट्रात होती, म्हणून तेथे रडणे झाले आणि रडण्यातून भाषा झाली. लासवारीला पडलेल्यांची घरे अवधात आणि रोहिलखंडात होती. मराठी राज्याच्या त्या अखेरच्या पायदळासाठी कोणी रडले असेल तर ते अवधीत, ब्रजात, भोजपुरीत रडले असेल. एखाद्या सत्तेची स्मृती त्या सत्तेच्या भाषेतच शोधायची असते, हे गृहीतक भारतीय साहित्यांच्या अभ्यासात फार सहजपणे वावरते. लासवारीचे उदाहरण त्याला पुरत नाही.

तरी मराठीत काहीच उरले नाही असेही नाही. शब्द उरले, परंतु त्यांच्यातली माणसे निघून गेली. 'गारदी' हा फ्रेंच 'गार्द'च्या कुळातला शब्द. पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली शेवटपर्यंत लढलेल्या कवाइती पायदळाचे ते नाव. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि मराठीत गारदी म्हणजे मारेकरी झाला. 'कंपू' हे डिबॉइनच्या दहा पलटणींचे नाव. आज मराठी साहित्यव्यवहारात कंपू म्हणजे आपापल्या माणसांची पाठराखण करणारे टोळके, आणि कंपूबाजी हा दोष. लासवारीला तोफांशेजारी पडलेल्यांशी या शब्दाचा काही संबंध असेल अशी शंकाही वापरणाऱ्याला येत नाही. 'कुमक' तेवढी आपला अर्थ राखून आहे. तुर्की-फारसीतून आलेला हा शब्द मदत या अर्थाने साताऱ्याच्या खेड्यातील आजीच्या तोंडी अजून आहे.

पानिपताच्या स्मृतीतही एक जागा अशी आहे जेथे आजीचा प्रश्न लागू पडतो. नानासाहेब पेशवे स्वतः कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या आसपास त्यांना सावकारी पत्रातून पराभवाची वार्ता कळली. हे पत्र सांकेतिक होते : थोर पुरुषांसाठी मोती, सरदारांसाठी मोहरा, आणि बाकीच्यांसाठी रुपये आणि खुर्दा. मराठी माणूस हे पत्र अजून गहिवरून सांगतो, आणि ते गहिवरण्यासारखे आहेही. परंतु गहिवर मोत्यांपाशी थांबतो. खुर्द्याची गणती लागत नाही, असे पत्रच म्हणते. सावकाराच्या लेखी तो हिशेबाचा संकेत होता. तरीही माणसांना चिल्लर म्हणणारी भाषा आणि त्यांना मनुष्यबळ म्हणणारी भाषा यांत अडीचशे वर्षांचे अंतर असले तरी नाते जवळचे आहे. खेळ रचणाऱ्यांनी काही नवे पाप केले असे म्हणता येत नाही. राजे, सावकार आणि इतिहासकार जसा हिशेब ठेवत आले तसाच त्यांनी ठेवला.

नोएडाच्या गोल्फ मैदानात या लढाईचा एक दगडी स्तंभ आहे. तो १९१६ साली, म्हणजे दुसरे एक मोठे युद्ध चालू असताना, इंग्रज राजवटीत उभारला गेला. येथून जवळच दिल्लीची लढाई झाली, तीत लुई बुर्कॅच्या हाताखालील मराठे हरले आणि जनरल जेरार्ड लेक जिंकला, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. एक फ्रेंच नाव, एक इंग्रज नाव आणि एक जातिवाचक अनेकवचन. त्या अनेकवचनात फारच थोडे मराठे होते. स्तंभ उभा राहिला त्या वर्षी साताऱ्याच्या खेड्यांतले तरुण इंग्रजांच्या पलटणींची कुमक म्हणून मेसोपोटेमियात लढत होते, आणि त्यांच्या घरी कळवण्यासाठी निदान एक छापील कागद येत होता.

या साऱ्याची हकीकत नातवाने कुठूनशी वाचून आजीला सांगितली, तेव्हा तिने लेकचे नाव विचारले नाही, बुर्कॅचेही नाही. एकाहत्तरच्या लढाईनंतर आपल्या वाडीत तारा कशा आल्या, पलटणीत झालेल्या जागा भरायला शेजारच्याच वाडीतली तीन पोरे कशी गेली, आणि त्यांना निरोप द्यायला जाताना आधीच्या पोरांच्या आया वेशीपर्यंत कशा आल्या होत्या, हे तिने सांगितले. तिच्या लेखी कुमक म्हणजे ही तीन पोरे. त्यांची नावे तिला पाठ होती, आणि ज्यांच्या जागी ती गेली त्यांचीही.

विद्यार्थी अजून खेळतो. खेळात तुकडी अठ्ठावन्नवर आली की तो खूण दाबतो, कारण न दाबल्यास शहर जाते आणि डाव हातचा जातो. आजी गावी परतल्यावर त्याने एवढेच केले : खेळात तुकड्यांना नावे देण्याची सोय आहे, आणि एरवी कोणी ती वापरत नाही. त्याने एका तुकडीला वाडीचे नाव दिले. ती तुकडी तो फारशी पुढे नेत नाही.